लोकल रेडिओवर मुलाखती आणि हलक्याफुलक्या बातम्या कशा कराव्यात

लोकल रेडिओवर शो करायचा म्हटलं की बरेच जण आधी आवाजाच्या मागे लागतात, भारदस्त पाहिजे, खर्जातला पाहिजे वगैरे. आवाज ठीकठाक असला तरी चालतं हो. लोकल निवेदकाची खरी गंमत आणि खरी पंचाईत ही की सकाळी ज्याच्याबद्दल माईकवर बोललात तो माणूस संध्याकाळी तुम्हाला रस्त्यात भेटणार असतो, आणि ऐकणारे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ओळखत असतात. मोठ्या चॅनेलवर कुणाचं आडनाव चुकलं तर फार तर एखादी तक्रार येते, इथे चुकलं तर अख्खी गल्ली वर्षभर ऐकवते. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं हे डोक्यात ठेवून लिहिलंय. पॉडकास्टवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी पाहुणा कोण. नवीन निवेदक हमखास पदाधिकाऱ्यांकडे धावतात कारण ते लगेच हो म्हणतात आणि बोलायलाही सरावलेले असतात, पण तीच तर अडचण आहे, त्यांच्याकडे आधीच पाठ केलेलं निवेदन असतं आणि तुम्ही काहीही विचारलं तरी तेच बाहेर येतं. माझं मत विचाराल तर असा माणूस शोधा जो एखादं काम वर्षानुवर्षं हातानं करतोय आणि ज्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. टॉवरच्या घड्याळाला चावी देणारा, लायब्ररीत फाटकी पुस्तकं चिकटवत बसणाऱ्या बाई, पहाटेची पहिली बस काढणारा ड्रायव्हर. पदाधिकाऱ्यांना बोलवायचंच नाही असं नाही, बोलवा, पण मग एकच खड्डा, एकच बंद दिवा, एकच तारीख धरून विचारा. "विकासाबद्दल काय सांगाल" असं विचारलंत की गेली वीस मिनिटं वाया.

पाहुणा ठरला की आदल्या दिवशी दहा मिनिटं फोनवर बोलून घ्या. यात नाव नेमकं कसं उच्चारायचं, आडनाव लावायचं की नाही, काय म्हणून ओळख करून द्यायची आणि कुठला विषय काढायचा नाही एवढं विचारायचं आणि नाव जसं ऐकू आलं तसं लिहून ठेवायचं. रिहर्सल मात्र अजिबात नको. फोनवर काका भरात येऊन मस्त किस्सा सांगायला लागले तर सरळ थांबवा, "काका काका, हे असंच उद्या माईकवर सांगा". कारण एकदा सांगून झालेला किस्सा दुसऱ्यांदा सांगताना माणूस उरकतो, मधे मधे "मगाशी म्हटलं तसं" असंही येतं आणि ऐकणाऱ्याला मगाशी काय म्हटलं ते कुठे माहितीय.

रेकॉर्डिंगची जागा. रिकामा हॉल नको, आवाज घुमतो आणि नंतर एडिटमध्ये तो घुमारा काढता येत नाही. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असलेली लहान खोली उत्तम. पंखा बंद, आणि फ्रीजची घरघर येत असेल तर तोही बंद करा, फक्त तुमच्या गाडीची चावी त्या फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रीज परत चालू करायचं विसरणार नाही (साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, हसू नका, कामाची आहे). मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता तीसेक सेकंद रेकॉर्ड करून घ्या, दोन वाक्यांच्या मधे काही कापलं की तिथे ही शांतता भरता येते, नाहीतर तो खड्डा लगेच कानाला कळतो. आणि माणूस जिथे काम करतो तिथले आवाजही वेगळे घ्या, मिनिटभर बसचं इंजिन, दार आपटल्याचा आवाज, घड्याळाची टिकटिक. हे बोलण्याच्या खाली नको, वेगळं पाहिजे, मग नंतर हवं तिथे लावता येतं.

माईक तोंडापासून साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर, आणि अगदी समोर न धरता जरा बाजूने, म्हणजे प, फ, भ म्हणताना जो हवेचा फटका बसतो तो माईकवर येत नाही. माईक पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही. कितीही मागितला तरी नाही. माईक त्यांच्याकडे गेला की मुलाखतही त्यांच्याकडे गेली, शिवाय अंगठीचा, बांगड्यांचा, हात बदलल्याचा सगळा खडखडाट आत येतो. लेव्हल (म्हणजे आवाज किती जोरात रेकॉर्ड होतोय) बघताना मीटरवर आवाजाची टोकं वजा बारा डेसिबलच्या आसपास आणि हसले ओरडले तरी वजा सहाच्या खाली राहतील अशी ठेवा, शून्याला लागलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट करता येत नाही. फाईल वेव्ह (.wav) प्रकारात, सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ. मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर आधी एअरप्लेन मोड. आणि हेडफोन कानाला लावूनच ऐकत राहायचं, ते विचित्र दिसतं म्हणून काढून ठेवू नका, कारण माणसाचा कान नको ते आवाज गाळतो, माईक गाळत नाही.

टेस्टिंगला "हॅलो हॅलो वन टू थ्री" म्हणायला लावू नका. त्यात माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात नंतर कधीच बोलत नाही. त्यापेक्षा "सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा" म्हणा, लेव्हल खरी मिळते आणि माणूस जरा सैलही होतो. मशीनमुळे लोक बुजतात हे खरंय. अमेरिकेतले स्टड्स टर्केल 1952 ते 1997 शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी स्टेशनवर रोज मुलाखती घ्यायचे, पंचेचाळीस वर्षं, आणि टेपरेकॉर्डर चालवण्यात हा माणूस कायम अनाडी. बटणांशी झटापट चाललेली बघून समोरच्याची भीती जायची, आपल्यासारखाच आहे हा म्हणून, आणि टर्केलना स्वतःलाही आपल्या या अनाडीपणाचा फायदा माहीत होता. याचा अर्थ मुद्दाम धांदल करा असा नाही. पण चकाचक सेटअप घेऊन डॉक्टर तपासायला आल्यासारखे बसू नका एवढं नक्की.

आता प्रश्न, आणि इथेच सगळं बिघडतं किंवा जमतं.

एका वेळी एकच प्रश्न. तीन प्रश्न एकत्र विचारले की पाहुणा शेवटच्याचं उत्तर देतो नाहीतर सगळ्यात सोप्याचं. "तुम्हाला कसं वाटतंय" आणि "तरुण पिढीला काय संदेश द्याल" हे दोन प्रश्न कायमचे हद्दपार करा, पहिल्याला "छान वाटतंय" सोडून उत्तर नाही आणि दुसऱ्याला सगळ्यांचं उत्तर एकच असतं. त्याऐवजी नेमका क्षण विचारा, पहिला दिवस, शेवटचा दिवस, हातात काय होतं, बाजूला कोण होतं, मग तुम्ही काय म्हणालात. उदाहरण म्हणून समजा पहाटेच्या बसचे ड्रायव्हर रिटायर होतायत.

"काका, इतकी वर्षं बस चालवलीत, कसा होता अनुभव?"
"चांगला होता. सगळ्यांनी सहकार्य केलं."

झालं, संपलं. आता हेच असं विचारा.

"काका, पहाटेच्या बसला पहिल्या स्टॉपवर कोण असायचं?"
"एक नर्सबाई. रोज. नाइट ड्युटी करून निघायच्या. बसल्या की झोपायच्या, मग त्यांचा स्टॉप आला की मी हॉर्न वाजवायचो, दोनदा. ते त्यांच्यासाठीच असायचं. बाकीच्यांना वाटायचं कुणीतरी आडवं आलं."
"त्यांना माहीत होतं, तुम्ही मुद्दाम वाजवता ते?"
"नाही बुवा, कधी बोललो नाही मी."

बघा, दुसरा प्रश्न कागदावर नव्हता, तो उत्तरातून आला. कागदावर पाच-सहा मुद्दे असावेत, पण डोळे माणसाकडे, कारण पुढचा प्रश्न नव्वद टक्के वेळा त्याच्या शेवटच्या वाक्यात असतो आणि तुम्ही कागदात खुपसून बसलात तर तो निसटतो. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच तोंड उघडू नका, मनात तीन आकडे मोजा. लोकांना शांतता सहन होत नाही, ते ती भरायला पुढे बोलतात आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच येते. आणि ते "हं... हं... अरे वा... हो का" पूर्ण बंद, मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या, नाहीतर एडिटला बसल्यावर त्यांच्या प्रत्येक वाक्यावर तुमचा हुंकार बसलेला असतो आणि काही कापता येत नाही. गावाकडच्या गप्पांची सवय असली की हे फार जड जातं, मला मान्य आहे, पण जमतं हळूहळू.

पाहुणा फारच बुजरा असेल तर त्याला बोलण्याऐवजी निवडायला काहीतरी द्या. बीबीसीवर रॉय प्लॉमलीनी 1942 साली जो कार्यक्रम सुरू केला तो याच एका युक्तीवर आजपर्यंत चाललाय, निर्जन बेटावर जायचंय तर कुठल्या आठ रेकॉर्ड नेणार. लोक स्वतःबद्दल बोलायला लाजतात, गाण्याबद्दल बोलायला लाजत नाहीत, आणि गाण्याबद्दल बोलता बोलता सगळं स्वतःबद्दलच सांगून जातात. तुम्ही एक फोटो आणायला सांगा, नाहीतर कामाचं एखादं अवजार. दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही बाजूलाच व्हा आणि नातीला आजोबांसमोर बसवा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात 2003 मध्ये स्टोरीकॉर्प्स या सामान्य माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या संस्थेनं एक छोटी खोली उभी केली ती यासाठीच, ओळखीची दोन माणसं, चाळीस मिनिटं, एकमेकांशी गप्पा. नात जो प्रश्न विचारेल तो विचारायची तुमची हिंमत होणार नाही.

शेवटी "मी काही विचारायचं राहिलं का?" हे नक्की विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारा. माणूस उठता उठता जे बोलतो ते सोनं असतं. पण गुपचूप रेकॉर्डिंग नको, चालू आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे. कुणाला रडू आलं तर थांबा, पाणी द्या, आणि तो भाग लावायचा की नाही हे त्यांनाच विचारा. लहान मुलं असतील तर आईवडिलांची परवानगी, आणि शाळा, घराचा पत्ता हे काही ऑन एअर नाही.

फोनवर मुलाखत घ्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, साध्या फोनच्या लाईनीतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स, श, फ ही अक्षरं ओळखू येतात ती त्याच्या वरच्या भागातून, म्हणून फोनवर नावं हमखास गडबडतात. त्यामुळे नाव आणि आकडा परत उच्चारून खात्री करा. जमत असेल तर पाहुण्याला सांगा, तुमच्या मोबाईलवर तुमच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि नंतर फाईल पाठवा, क्वालिटीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एडिटबद्दल थोडक्यात. वीस मिनिटांतून सहा-सात मिनिटं राहिली की बरोबर. तुमचे प्रश्न आधी कापा, पाहुण्याचं नंतर. सगळ्यात चांगला तुकडा पंधरा सेकंदांचा सुरुवातीला लावा, मग ओळख. श्वास कापू नका, सगळे श्वास काढले की माणूस यंत्र वाटतो. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही म्हणजे नाही, ऐकायला कितीही भारी लागलं तरी. तुमचा आणि पाहुण्याचा आवाज सारख्या जोरात आहे ना ते बघा, ब्रॉडकास्टला युरोपात वजा 23 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) हे माप धरतात, तुमच्या स्टेशनचं जे असेल ते विचारून घ्या.

आता हलक्याफुलक्या बातम्या. लोकांना वाटतं हा शोचा सोपा भाग, मला तर मुलाखतीपेक्षा अवघड वाटतो. हरवलेलं मांजर, उलटं चालणारं टॉवरचं घड्याळ, अकरा वर्षांनी परत आलेलं लायब्ररीचं पुस्तक, झाडात अडकलेला पतंग काढायला गेलेला आणि मग स्वतःच अडकलेला माणूस. यातली गंमत मुळातच आहे, तुम्ही वरून ओतायची गरज नाही. म्हणजे असं वाचू नका: "आणि आता एक अतिशय मजेशीर बातमी, ऐकून तुम्ही पोट धरून हसाल, आपल्या लायब्ररीत चक्क..." इथपर्यंत येईतो ऐकणाऱ्याची हसायची इच्छा गेलेली असते. असं वाचा: "लायब्ररीत काल एक पुस्तक परत आलं. अकरा वर्षांनी. वाचकानं उशीर झाल्याबद्दल सॉरी म्हटलंय, आणि दुसरा भाग आहे का विचारलंय." बस. सरळ आवाजात, छोटी वाक्यं, मजा शेवटी, आणि त्यानंतर स्वतः हसायचं नाही.

हसणं कुणावर येतंय हे प्रत्येक बातमीला तपासा. माणसाच्या बोलीवर, शरीरावर, गरिबीवर, जातीवर, दारूवर विनोद नको, पतंगवाल्याचं नावही त्याला विचारल्याशिवाय नको. त्यालाच हसू येत असेल तर मग त्यालाच फोनवर घ्या, तुमच्यापेक्षा तो जास्त चांगला सांगेल. ज्या थट्टेत ऐकणाराही सामील होतो ती सगळ्यात भारी. 1976 च्या एक एप्रिलला खगोलवाले पॅट्रिक मूर बीबीसी रेडिओवर म्हणाले की सकाळी 9:47 ला प्लूटो गुरूच्या मागे जाणार, त्यानं पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल, तेव्हा उडी मारून बघा, तरंगल्यासारखं वाटेल. आणि लोकांचे फोन यायला लागले, की हो, आम्ही तरंगलो म्हणून! कुणाचं नुकसान नाही, कुणाची बदनामी नाही. पण अशी थट्टा पाणी, वीज, रस्ता, परीक्षा, दवाखाना यावर कधीच नाही, लोक तुमच्या शब्दावर घराबाहेर पडतात.

मांजर हरवल्याची बातमी असली तरी आधी खात्री करायची. ज्यानं सांगितलं त्याला एक फोन आणि ज्याचं मांजर त्याला एक फोन, बऱ्याचदा ते सकाळीच घरी आलेलं असतं. खाजगी नंबर ऑन एअर देऊ नका, स्टेशनचा नंबर द्या. कार्यक्रमाची सूचना असेल तर "उद्या" म्हणू नका, शो पुन्हा लागला की "उद्या" चुकतो, वार आणि तारीख म्हणा. क्रम असा ठेवा की आधी काय आणि कुणासाठी, मग कुठे, मग कधी, आणि परत एकदा कधी, कारण ऐकणारा काहीतरी काम करत असतो आणि आपल्याला हे लागू आहे हे कळल्यावरच कान देतो. निधनाची बातमी आणि विनोदी बातमी एकमेकींना चिकटवू नका, मधे गाणं नाहीतर दुसरं काही साधं पाहिजे. आणि पाठपुरावा! लोकल रेडिओचा खरा धंदा हाच आहे. मांजर हरवलं म्हणून सांगितलंत ना, मग सापडलं का हे सांगायलाच पाहिजे, नाही सापडलं तरी सांगायला पाहिजे, लोक वाट बघतात. एक वही करा, डाव्या पानावर काय सांगितलं, उजव्या पानावर पुढे काय झालं. उजवं पान रिकामं असलेल्या बातम्या दर सोमवारी बघायच्या.

एखाद्या दिवशी खरंच काही नसतं. मग नाही म्हणा. बीबीसीच्या निवेदकानं 18 एप्रिल 1930 ला बुलेटिनच्या वेळेला येऊन सांगितलं की आज बातमी नाही, आणि उरलेला वेळ पियानोचं संगीत लागलं. उगाच ओढूनताणून काहीतरी बनवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, आणि त्याच्याबद्दल लोक अजून बोलतात.

कायद्याचं एवढं बघून ठेवा की तुमच्या देशात तुमच्या प्रकारच्या स्टेशनला बातम्या द्यायची परवानगी आहे का. भारतात कम्युनिटी रेडिओ (एखाद्या वस्तीसाठी संस्थेनं चालवलेलं छोटं स्टेशन) चालवणाऱ्यांना सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा चालत नाही, पण हवामान, ट्रॅफिक, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा-ॲडमिशन, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना हे बातमीत धरत नाहीत, ते चालतं. म्हणजे लायब्ररीच्या कार्यक्रमाची सूचना बिनधास्त, नगरसेवकाचं भांडण नाही. लावलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचे असंही त्यात आहे, तेव्हा फाईलींना नाव देताना तारीख आधी टाका, "फायनल", "फायनल नवीन", "खरं फायनल" असं नको.

लाईव्ह फोन घेत असाल तर दोन वाक्यं तोंडपाठ पाहिजेत, एक जाहिरात सुरू करणाऱ्यासाठी आणि एक शिव्या देणाऱ्यासाठी. "दादा, तुमचा मुद्दा कळला, पुढचा कॉल घेतो" आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली. काही स्टेशनवर काही सेकंदांचा डिले असतो, म्हणजे बोललेलं जरा उशिरा प्रसारित होतं आणि मधे शिवी कापता येते, तुमच्याकडे आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा.

शो झाल्यावर पाहुण्याला पाहिजे तर क्लिप पाठवा, आणि कधी लागणार ती वेळ आधीच नीट सांगून ठेवा, घरचे सगळे रेडिओ लावून बसतात आणि तुम्ही अर्धा तास पुढे ढकललेलं असतं मग फार वाईट दिसतं. वेळ बदलली तर फोन करा. नाव किंवा तारीख चुकीची गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच सदरात, कोटी न करता दुरुस्ती वाचा: काल आम्ही हे म्हटलं, बरोबर हे आहे. आणि दुरुस्ती लागणार आहे हे त्या माणसाला आदल्या संध्याकाळीच कळवून टाका, तो तसाही रस्त्यात भेटणारच आहे.